अठरा वर्षं उभी राहिलेली डीटी-१: पहिली किक मारण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: काकांची १९७० ची यामाहा डीटी-१ मोटरसायकल घरी आली आहे. अठरा वर्षं शेडमध्ये उभी होती. किक जाते, टाकीत गंज आहे, घरात हत्यारं साधीच आहेत. आता आधी गाडी पूर्ण खोलून फ्रेमला पावडर कोटिंग करून घ्यावं, की ताजं पेट्रोल टाकून 'चालू तरी होते का' ते बघावं?

दोन्ही नको, निदान आत्ता नको. पहिल्या वाटेने गेलेल्या बऱ्याच गाड्या मी खोक्यांत पाहिल्या आहेत. चकाचक रंगवलेली फ्रेम भिंतीला टेकवलेली, इंजिन भलत्याच कोपऱ्यात, आणि कुठला बोल्ट कशाचा हे मालकाला आठवत नाही. दुसरी वाट जास्त मोहाची आणि जास्त महाग. 'किक जाते' याचा अर्थ पिस्टन सिलिंडरला चिकटलेला नाही, एवढाच. गंज डोळ्यांना दिसतो म्हणून तोच शत्रू वाटतो, पण टाकीच्या गंजाने ही गाडी मरणार नाही. मेली तर ती वाळून कडक झालेल्या दोन रबरी सीलांमुळे, नाहीतर तेलाच्या नळीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामुळे मरेल. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मी असा धरतो: या टू-स्ट्रोक इंजिनात नको तिथून हवा शिरत नाही आणि हवं तिथे तेल पोचतं, याची खात्री सुरू करण्याआधी कशी करायची? रंगाचं मागाहून बघू.

काही गोष्टी तुमच्या हातात आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. गाडी नुसती जपून ठेवायची आहे, सुट्टीत मातीत न्यायची आहे की प्रदर्शनात मांडायची आहे? मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर मी तो हात न लावता ठेवीन. जुना खरा रंग एकदा खरवडला की परत येत नाही. शेड कोरडी होती की दमट, यावर बेअरिंगांचं नशीब ठरतं. आणि कागदपत्रं, इंजिन नंबर, फ्रेम नंबर जुळतात का ते पाना उचलायच्या आधी बघा. नोंदणीचे नियम तुमच्या भागातले तुम्हालाच माहीत.

आता हत्यारं. साधी हत्यारं चालतील, पण एक गोष्ट साधी दिसते आणि नसते. जपानी गाड्यांच्या इंजिन कव्हरचे चौफुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स जातीचे नसतात, ते जपानच्या जेआयएस मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. मग लोक म्हणतात, जपानी स्क्रू लोण्यासारखे मऊ असतात. टोक चुकीचं असतं हो! जेआयएस मापाची टोकं घ्या आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. स्क्रूच्या भोवती कव्हर थोडं गरम करा, ड्रायव्हर सरळ धरून एक नेमका ठोका द्या. अठरा वर्षांचा स्क्रू 'टक्' असा आवाज करून सुटतो. तो आवाज ऐकायला मला अजूनही आवडतो. दुसरं हत्यार म्हणजे मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरचं, ठिणगीसाठी वीज बनवणारं फिरतं चाक) पुलर, त्या मॅग्नेटच्या आट्यांचाच. दोन स्क्रू ड्रायव्हर मागे घालून मॅग्नेट उचकटायचा नाही, आणि क्रँकच्या टोकावर हातोडी तर चुकूनही मारायची नाही. तुकडे दाबून जोडलेला क्रँक एका ठोक्याने वाकडा होतो.

प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी फोटो काढा. स्क्रू काढले की त्या कव्हरच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या आकृतीतच खुपसून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की क्रँककेस तडकते.

सुरुवात प्लग काढून करा. भोकातून दोन-तीन चमचे तेल सोडा, रात्रभर राहू द्या, मग किक हाताने हळूहळू दाबा. पायाने नाही. सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन बघा. सायलेन्सरमध्ये आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं असण्याची शक्यता चांगलीच असते, तेही बघा. पोर्टमधून रिंग दिसते. लाकडी काडीने ती हलकेच दाबली की आत जाऊन परत बाहेर आली पाहिजे. नाही आली तर ती खाचेत चिकटली आहे.

खरं सांगायचं तर रिंग मोकळी असली तरी मी हेड आणि ब्लॉक उतरवतोच. टू-स्ट्रोकमध्ये ते एका दुपारचं काम आहे, ना व्हॉल्व्ह ना कॅम. तुमच्या इंजिनाचं बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ६४, म्हणजे २४६ सीसी. त्यात रीड व्हॉल्व्ह (इनलेटमधली पातळ पाकळ्यांची झडप) नाही; तो १९७२ च्या डीटी-२ बरोबर आला. इनलेट पोर्ट उघडण्या-मिटण्याचं काम पिस्टनचा खालचा घेरच करतो. तो घेर झिजला की पेट्रोलची वाफ उलटी कार्बोरेटरकडे थुंकली जाते, गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आणि माणूस बिचारा कार्बोरेटर साफ करत बसतो.

ब्लॉक उतरला की कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढा. तिथे जरासुद्धा खटखट नको. वरचं टोक बाजूला थोडं डुलतं, ते चालतं. पण ते दोन मिलिमीटरच्या पुढे डुलत असेल तर मोठ्या टोकाचं बेअरिंग संपलं आहे आणि क्रँक उघडायला द्यावा लागेल. हे घरी करू नका. क्रँक दाबून जोडायला प्रेस आणि डायल गेज (बारीक माप दाखवणारी काट्याची तबकडी) लागतं, आणि अनुभव त्याहून जास्त.

बोअरवर उभ्या चरा असतील तर बोअरिंग. त्यात क्रम असा की आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्यायचा, मग तो पिस्टन नेऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यायचं. दोघांमधली मोकळी जागा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजतात. आकडा मॅन्युअलमध्ये आणि पिस्टनच्या कागदावर असतो, अंदाजाने ठरवायचा नसतो. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टच्या कडेची धार घासून मोडली आहे का, बोट फिरवून बघा. फोर-स्ट्रोकची सवय असलेला कारागीर हे विसरतो आणि पहिल्याच तासात रिंग त्या धारेला अडकून तुटते. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर, सर्क्लिप नवीनच. आणि सर्क्लिप काढता-घालताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं. ही ओळ मी वाचून शिकलेलो नाही. सर्क्लिप आत पडल्यावर शिकलो.

आता मुख्य गोष्ट. टू-स्ट्रोकची क्रँककेस नुसती पेटी नाही, तो अर्धा पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, ती पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढते. क्रँकच्या दोन्ही टोकांना जी ऑइल सीलं असतात ती ही पोकळी राखतात. डीटी-१ मध्ये डावीकडे मॅग्नेट आहे, तिकडचं सील कडक झालं तर बाहेरची कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ पडतं, पिस्टन तापतो आणि धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकतो. उजवीकडे क्लच आणि गिअरबॉक्सचं तेल आहे. तिकडचं सील गेलं तर इंजिन ते तेल पितं, मागे दाट पांढरट धूर निघतो आणि गिअरबॉक्समधली पातळी गुपचूप उतरत जाते. उजवीकडची चूक धुराने ओरडून सांगते. डावीकडची बोलत नाही.

माझं एक इंजिन असंच गेलं. सील वरून बघितलं, मऊ वाटलं, घाई होती. गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली. वीसेक मिनिटांनी चढावर असताना लक्षात आलं की थ्रॉटल सोडला तरी आवाज लगेच उतरत नाही. मला वाटलं, वा, इंजिन मोकळं झालं. पुढच्या वळणावर मागचं चाक घासत गेलं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने सोलून निघाला होता. थ्रॉटल सोडल्यावर आवाज टांगून राहणं म्हणजे हवा शिरतेय, हे तेव्हापासून विसरलो नाही. जुनी टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असतात, तीही तेव्हापासून.

म्हणून सीलं दोन्ही बदला, ती कशी दिसतात ते न बघता. डावं सील मॅग्नेट आणि त्यामागची प्लेट काढली की हाताशी येतं. उजव्यासाठी क्लच आणि प्रायमरी गिअर उतरवावा लागतो. क्रँककेस फोडायची वेळ आली तर बेअरिंगंही त्याच वेळी बदलून घ्या. आणि मग गळतीची चाचणी करा.

चाचणीला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काट्याची तबकडी घ्या. तिचा ३०० चा आकडा म्हणजे साधारण ०.४ बार, अगदी हवा तेवढाच दाब. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी कड्यात नळी पक्की चिकटवा आणि ते प्लगच्या जागी आवळा. पिस्टन अगदी खाली आणा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून दाब सिलिंडर आणि क्रँककेस दोन्हींत पोचेल. एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचं रबर आणि वर लोखंडी पट्टी बसवा. कार्बोरेटर काढा, पण त्याचं मॅनिफोल्ड जागेवर ठेवून त्याच्या तोंडात रबरी बूच मारा, कारण मॅनिफोल्डचं पॅकिंगही गळतं. ऑइल पंपाकडून येणारी बारीक नळी बंद करायला विसरू नका. ती विसरून मी एकदा तास घालवला आहे.

काटा ३०० जवळ आणा आणि थांबा. याहून जास्त दाब देऊ नका, सीलं जागेवरून सरकतात. मिनिटाला ५० हून जास्त उतरत असेल तर ते इंजिन सुरू करायचं नाही, विषय संपला. सगळं नवीन बसवलेलं असेल तर सहा मिनिटांत काटा जेमतेम हलला तरच मी समाधानी होतो. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: सीलं, ब्लॉकखालचं पॅकिंग, हेड, मॅनिफोल्ड, आणि दोन केसांच्या मधला सांधा. कुठेच बुडबुडा नाही आणि काटा मात्र उतरतोय, तर गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीवर साबण लावा. तिथे फुगा आला म्हणजे हवा उजव्या सीलातून पलीकडे जाते.

आता तेल. या गाडीत यामाहाची ऑटोल्यूब पद्धत आहे, म्हणजे टू-टी तेल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जातं. अठरा वर्षांत टाकीतल्या तेलाचा चिखल झालेला असतो. टाकी धुवा, नळ्या पारदर्शक घाला म्हणजे बुडबुडे दिसतील. पंपावर हवा काढायचा स्क्रू असतो; तो सैल करून अखंड तेल वाहीपर्यंत थांबा. पंपाकडून इंजिनाकडे जाणारी नळीही आधी तेलाने भरून घ्या. पंपाची केबल थ्रॉटलच्या केबलशी जोडलेली असते. मॅन्युअलने सांगितलेल्या थ्रॉटलच्या स्थितीत पंपाच्या पुलीवरची खूण पिनेसमोर आली पाहिजे. हे सगळं नीट केलं तरी पहिली टाकी मी मिसळलेल्या पेट्रोलचीच जाळतो: एक लिटरला ४० मिलिलिटर तेल, पंप चालू ठेवून. धूर होईल, प्लग काळा पडेल, पडू दे. तेल जासो (तेलांचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या. बोटीच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, हवेवर थंड होणाऱ्या तुमच्या इंजिनाला ते नको. गिअरबॉक्समध्ये जासो एमए लिहिलेलं मोटरसायकलचं तेल घाला. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि ओला क्लच घसरायला लागतो.

मॅग्नेट काढलेलाच आहे तर पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) आणि कंडेन्सर बघून घ्या. पॉइंटची तोंडं घासून साफ करा, मग कोऱ्या कागदाने पुसा, कारण साठवणीतला तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही आणि ठिणगी मात्र अडवतो. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर. गॅप आणि टायमिंग एकमेकांत गुंतलेले आहेत: गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं. म्हणून आधी गॅप, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून टायमिंग. पुढेही पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि गाडी मंद वाटू लागते. विजेचा भाग सहा व्होल्टचा आहे. मेलेली बॅटरी काढून तशीच चालवली तर दिव्यांचे बल्ब उडतात.

कार्बोरेटर मिकुनीचा आहे. पूर्ण उघडा, जेटांमधून हवा मारा, पण तार खुपसू नका. पायलट जेटचं भोक तारेने मोठं झालं की गाडी कायमची बिघडलेल्या पोटासारखी वागते. फ्लोटची सुई, पॅकिंगं, पेट्रोलचा कॉक आणि नळ्या नवीन. आजच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच ठिकाणी इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं.

टाकी आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पेट्रोलची वाफ पूर्ण घालवा, मग एक लिटर कोमट पाण्याला १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड या प्रमाणात काठोकाठ भरा. बारा तासांनी बघा, लागलं तर आणखी बारा. ओतून टाका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने फिरवा, धुवा, आणि ताबडतोब वाळवून आत थोडं टू-टी तेल घोळवा. ओली टाकी अर्ध्या तासात पुन्हा तांबूस होते. विजेने गंज काढायची पद्धतही चांगली आहे, पण त्यात स्टेनलेसचा तुकडा वापरू नका, विषारी क्रोमियम तयार होतं. साधं लोखंड वापरा, आणि उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो. आतून लावायच्या लेपावर माझा विश्वास नाही. काही वर्षांनी तो सोलतो आणि त्याचे पापुद्रे कॉकमध्ये जाऊन बसतात. (हे सगळं लोखंडी टाकीपुरतं. बुलटाकोसारख्या त्या काळच्या स्पॅनिश गाड्यांना फायबरग्लासच्या टाक्या असत, त्यांचं राळच इथेनॉलमध्ये विरघळतं, तो वेगळा विषय.)

इथपर्यंतचा क्रम असा: वरचं इंजिन उघडून मोजणी, सीलं, गळतीची चाचणी, ऑइल पंप, पॉइंट, कार्बोरेटर आणि टाकी. आता सुरू करा. दहा मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, हेडचे नट पुन्हा तपासा, परत चालवा.

आणि आता तुमचं पावडर कोटिंग. गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालून काय-काय कुरकुरतं ते कळल्यावरच फ्रेम उघडी करा. मातीत राबलेल्या फ्रेमला हँडलच्या मानेजवळ, इंजिनाच्या पट्ट्यांपाशी, पायटेकाच्या वेल्डवर आणि मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्म) सांध्यावर तडे असू शकतात. पावडरचा जाड थर बारीक तडा झाकून टाकतो; साधा रंग तो लवकर दाखवतो. म्हणून मी साधा रंग पसंत करतो. कोटिंग करायचंच असेल तर आट्यांची भोकं, बेअरिंगच्या वाट्या आणि अर्थिंगच्या जागा बुजवून द्या. फ्रेम नंबर आधी फोटोत घ्या, जाड थराखाली तो वाचेनासा होतो.

हँडलच्या मानेतले छर्रे आणि वाट्या, चिमट्याचे बुश, फोर्कची सीलं आणि तेल हे सरळ काम आहे, त्यावर वेगळं सांगण्यासारखं नाही. ब्रेक ड्रम उघडताना मात्र थांबा. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. हवेने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. टायर कितीही नक्षीदार दिसोत, कडेवरचा तारखेचा आकडा बघा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे आणि त्याची जागा रस्त्यावर नाही.

पुढची निगा फार नाही, पण नेमाने हवी. फिल्टरचा जुना फोम हातात भुगा होतो आणि तो भुगा सरळ इंजिनात जातो, म्हणून आधी नवीन घ्या. धुताना पेट्रोल नको, त्याने जोड सुटतात. साबणाचं कोमट पाणी, पूर्ण वाळवणं, मग फोमच्या फिल्टरसाठी मिळणारं चिकट तेल. मातीतल्या प्रत्येक फेरीनंतर. सायलेन्सरची आतली नळी अधूनमधून काढून कार्बन खरवडा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करा आणि टाकी काठोकाठ भरा. दर आठवड्याला दोन मिनिटं चालू करून बंद करायची सवय मात्र लावू नका. इंजिन नीट तापत नाही आणि आत पाणी साठतं.

आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पहिले काही महिने दर फेरीनंतर वहीत लिहा. बाहेर जमिनीवर थेंब नाही आणि तरी पातळी उतरतेय असं दिसलं, तर उजवीकडचं कव्हर पुन्हा उघडायचं आहे.